बर्फाच्या राज्यात पाण्याची मारामार

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे सरकला, की मुलं हमखास विचारतात, अंटार्क्टिकात थंडी किती असते? तिथल्या व्होस्तोक या संशोधन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. मुलांना हा आकडा आवडतो, पण तिथला कोरडेपणा मला जास्त सांगण्यासारखा वाटतो.

थंड हवेत वाफ फार थोडी मावते. त्यामुळे अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात वर्षभर पडलेला बर्फ वितळवला, तर ५० मिलिमीटर पाणीही भरत नाही. नागपुरात पावसाळ्यातल्या दोन दमदार दिवसांत तेवढं पडतं. तीच हवा खोलीत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की आणखी कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसावा तसा विजेचा झटका बसतो. सगळ्यात मोठी भीती मात्र आगीची. सामान वाळून कोरडंठाक झालेलं, बाहेर वारा आणि विझवायला पाणी गोठलेलं.

मग प्यायचं पाणी कुठून येतं? भारताचं 'मैत्री' केंद्र १९८९ पासून प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी वापरतं. हिवाळ्यात वर बर्फाचा जाड थर धरतो, खाली पाणी राहतं. २०१२ साली सुरू झालेलं 'भारती' समुद्राचं पाणी गोडं करून घेतं. पाइप सतत उबदार ठेवावे लागतात. वीज गेली आणि पाणी आत थांबलं तर ते गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो.

तंबूत राहणाऱ्यांना बर्फच वितळवावा लागतो, आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. भांड्यात आधी तळाशी थोडं पाणी घ्यायचं, मग बर्फ थोडा थोडा टाकायचा. नुसता भुसभुशीत बर्फ ठासून भरला तर तळाशी वितळलेलं पाणी वरचा बर्फ शोषून घेतो, तळ कोरडा पडतो आणि भांडं करपतं. इंधनही भरपूर जातं: शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. तहान लागली म्हणून बर्फ खाणं तर चूकच, कारण तो वितळवायची उष्णता आपल्याच शरीरातून जाते.

बर्फातून पाणी किती मिळतं हे घरी करून पाहायचं असेल, तर फ्रीजरच्या भिंतीवरचा भुसभुशीत बर्फ मोठ्यांच्या मदतीने प्लास्टिकच्या चमच्याने खरवडा, पेला न दाबता काठोकाठ भरा आणि वितळू द्या. पाणी कुठवर राहिलं, तिथे पेनाने खूण करा.