जोडाच्या तारा

आषाढीच्या आधी चार दिवस खानापूरला होते. पाऊस धरून होता. अप्पा भजनासाठी तंबोरा लावत होते. मधल्या दोन तारा जोडाच्या, दोन्ही एकाच षड्जाला. लहानपणी एका तारेवर कागदाची इवलीशी घडी ठेवून अप्पा दुसरी तार छेडायचे. सूर जुळला असला की कागद उडायचा, नसला की ढिम्म. ती घडी अजून डोळ्यांपुढे आहे.

माझं कामही जोडाच्या तारांचंच. सिलिकॉन नायट्राइड नावाच्या पदार्थाच्या, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या, म्हणजे केसाहून शेकडो पट बारीक. सेकंदाला लाखो वेळा थरथरतात आणि एकाच आधाराला धरलेल्या असल्यामुळे एकीची थरथर दुसरीपर्यंत पोचते. १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सनं एकाच तुळईला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक एकमेकांशी जुळून हलताना पाहिले, तिथंही दुवा आधाराचाच होता.

आम्ही व्होल्टेज बदलत एका तारेची कंप्रता, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा थरथरते तो आकडा, दुसरीच्या जवळ नेतो. आलेखावर दोन्ही कंप्रतांच्या रेषा एकमेकींना छेदणार असं वाटतं, आणि ऐन वेळी दोघी वळतात. मधे फट राहते. जोडणी जितकी घट्ट, तितकी फट मोठी. त्या जागी 'ही पहिलीची कंप्रता, ही दुसरीची' असं म्हणताच येत नाही. एका कंपनात दोघी बरोबरीनं हलतात, दुसऱ्यात एकमेकींच्या उलट. कंपनं फार लवकर विरत असतील तर मात्र ही फट दिसतच नाही, रेषा आरपार गेल्यासारख्या वाटतात. हवेत ती लवकर विरतात, म्हणून तर सगळं निर्वातात करायचं.

श्रद्धा विवेकाला धरून आहे का, हा प्रश्न मला अप्पांमुळे पडतो. पुरेशा पुराव्यावाचून काहीही मानणं चूकच, असं १८७७ मध्ये इंग्रज गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ क्लिफर्डनं मांडलं. जहाज तपासायचं सोडून 'ते सुखरूप जाईल' असं मनाला पटवणाऱ्या मालकाला तो दोषी धरतो. मलाही तो मालक दोषीच वाटतो. पण क्लिफर्ड एकेक समजूत सुटी काढून तपासतो, आणि माणसाच्या मनात तशी सुटी तार नसते.

आईच्या आजारात अप्पांनी नवस बोलला होता. दवाखाना एकदाही चुकवला नाही, औषधाच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. आई गेली. त्यानंतर अप्पांनी नवस बोलणं कायमचं सोडलं. वारी सोडली नाही. जे घडलं त्यानं त्यांची श्रद्धा वाकली, आणि श्रद्धेनं त्यांचं दुःखही वळवलं. शेजारच्या घरात कुणी आजारी पडलं की आता रिक्षा घेऊन पहिले तेच पोचतात.

यातून विठ्ठल सिद्ध होत नाही, हे मी अप्पांनाही सांगते. पण घडलेल्या गोष्टीनं जी जराही हलत नाही, त्या श्रद्धेला मी अविवेकी म्हणेन. अप्पांची तशी नाही.

त्या संध्याकाळी मी आलेख दाखवला. चष्मा वर सारून त्यांनी बराच वेळ पाहिला.

"ह्या दोघी भेटत का नाहीत गे?"

"जोडलेल्या आहेत म्हणून, अप्पा."

ते काही बोलले नाहीत. खुंटी किंचित पिळली, जोडाची तार पुन्हा छेडली आणि कान लावून बसले.