ताबा, भेट आणि पोटगी : नाशिकच्या कोर्टात जाण्याआधी

स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर आणि चार नातेवाइकांच्या सह्यांनी केलेल्या फारकतीने हिंदू विवाह संपत नाही. जिल्ह्यात अजूनही असे कागद होतात, त्यावर लोक दुसरं लग्नही करतात आणि मग घोटाळा होतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २९(२) मध्ये रूढीप्रमाणे होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, पण आपल्या समाजात तशी रूढी खरोखर चालत आली आहे हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात असंच होतं’ एवढं म्हणून भागत नाही. त्या कागदात मुलांबद्दल जे काही लिहिलं असेल ते तर कोर्टाला बांधूनच ठेवत नाही.

पहिला प्रश्न कोणत्या कोर्टात जायचं हा. शहरातल्यांसाठी कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांतले अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातात. घटस्फोटाचा अर्ज कलम १९ प्रमाणे लग्न जिथं लागलं, सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) जिथं राहतो किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले तिथं करता येतो. बायको अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथंही. नुसत्या मुलाच्या ताब्याचं गणित वेगळं आहे. पालक व पाल्य कायदा, १८९० चं कलम ९ मूल साधारणपणे कुठं राहतं एवढंच बघतं. वडील अंबडला राहतात म्हणून नाशिकला ताब्याचा अर्ज टाकला आणि मूल दोन वर्षांपासून संगमनेरच्या शाळेत असेल, तर पहिली हरकत अधिकारक्षेत्राचीच येते आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. नाशिकला घटस्फोटाचा अर्ज आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्यातच ताब्याचा अर्ज देणं बरं.

कौटुंबिक न्यायालयात अर्जांना अक्षरं असतात. ‘ए’ म्हणजे दोघांपैकी एकानेच मागितलेला घटस्फोट, ‘एफ’ परस्पर संमतीचा, ‘डी’ ताब्याचा, ‘ई’ पोटगीचा. नंबर पडला की सोळा अक्षरी सीएनआर (केसचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख आणि रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) त्यावरच सापडतो. वकील देणं हा इथं आपोआप मिळणारा हक्क नाही (कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३), म्हणून वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज जोडतात. परवानगी सहसा मिळते. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. वकील दिला म्हणून स्वतः घरी बसू नका. पुकाऱ्याला पक्षकार हजर नसला आणि लेखी म्हणणंही दाखल नसलं की अर्ज एकतर्फी चालतो.

परस्पर संमतीची वाट सगळ्यांना सोपी वाटते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब साठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. ‘वेगळं’ म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं. पहिला अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दोघांनी येऊन सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालामुळे हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण मागितले की मिळाले असं नाही. पहिल्या अर्जाआधीच कलमातलं एक वर्ष आणि वरचे सहा महिने वेगळं राहून झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी व ताबा मिटलेला हवा. माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर आठवड्याने देता येतो. शेवटच्या जबाबापर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच दिवशी हातात देऊ नये. काही भाग सुरुवातीला आणि उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या जबाबाच्या दिवशी कोर्टासमोर, हे बरं.

खरी मेख तडजोडीच्या मसुद्यात असते. सोनं, भांडी, फ्लॅटचं कर्ज यावर दोन्हीकडची माणसं तासन्‌तास भांडतात आणि मुलाच्या वाट्याला येते एक ओळ: ‘वडील मुलास सोयीनुसार भेटतील.’ या ओळीची अंमलबजावणी कोणतंच कोर्ट करू शकत नाही. सोय कोणाची, हेच त्यात लिहिलेलं नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६. वडील स्वतः आईच्या सोसायटीच्या गेटवरून मुलास घेतील व तेथेच सोडतील. ३० मिनिटांपेक्षा उशीर होणार असल्यास मेसेज करतील. मूल आजारी असल्यास भेट पुढच्या शनिवारी होईल.’ सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम असेल तर रविवारच सुट्टीचा असेल असं नाही. अशा वेळी ‘साप्ताहिक सुट्टीचा दिवस, महिन्याच्या १ तारखेपर्यंत कळवून’ असं घाला.

दिवाळीची सुट्टी ‘अर्धी-अर्धी’ लिहून भागत नाही, कारण लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज कोणत्या अर्ध्यात येणार यावर दर वर्षी नवं भांडण होतं. सम वर्षी लक्ष्मीपूजन आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, असं स्पष्ट करा. मे महिन्याच्या सुट्टीच्या तारखा शाळेच्या परिपत्रकावरून धराव्यात, कॅलेंडरवरून नाही. देवाणघेवाणीची जागा पंचवटीत ठरवत असाल तर २०२७ च्या सिंहस्थाच्या स्नानाच्या दिवसांसाठी पर्यायी जागाही लिहून ठेवा. रामकुंडाच्या आजूबाजूला त्या दिवशी गाडी घालायची हिंमत कोणी करू नये.

याच मसुद्यात आठवड्यातून किती वेळा आणि किती वाजता व्हिडिओ कॉल, शाळेच्या नोंदीत दोघांची नावं, निकाल दोघांना, मुलाच्या पासपोर्टसाठी सही किती दिवसांत द्यायची आणि मुलासह दुसऱ्या गावी जायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं, हेही यावं. ‘आईने मुलाची पोटगी सोडून दिली’ असं वाक्य घालण्याचा हट्ट बऱ्याचदा होतो. ते बिनकामाचं आहे, कारण तो हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडता येत नाही. सासरच्या छळाची ४९८अ ची केस (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) कौटुंबिक न्यायालयात मागे घेता येत नाही, ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ‘सर्व केसेस मागे घेण्यात येतील’ एवढंच लिहून सह्या केल्या तर घटस्फोट होऊनही ती केस तशीच उभी राहते. कोण, किती दिवसांत, कोणत्या शपथपत्रावर सही करणार ते लिहा.

तडजोड नसेल तर पहिल्याच तारखेला अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या, भेटीचा अर्ज द्या. हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. ‘निकाल लागला की बघू’ म्हणत सहा-आठ महिने मूल न भेटलेला पालक नंतर कोर्टात उभा राहतो तेव्हा मूलच त्याच्याकडे जायला बिचकतं, आणि मग कोर्टही मूल जिथं रुळलंय तिथून ते हलवायला नाखूष असतं.

ताब्याच्या निकालात चूक कोणाची हा प्रश्न फार मागे असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर. कलम ६ मध्ये पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. ‘साधारणपणे’ या शब्दाला अपवाद असतात, पण ते दुसऱ्या बाजूला सिद्ध करावे लागतात. पगाराची स्लिप दाखवून ताबा मिळत नाही. कमी कमावणाऱ्याकडे मूल ठेवून जास्त कमावणाऱ्याला पोटगी लावणं कोर्टाला सोपं असतं. उपयोगी पडतं ते रोजचं. लसीकरणाच्या कार्डावर कोण घेऊन गेल्याची नोंद आहे, पालक सभेच्या वहीत कोणाच्या सह्या आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कोणाकडे आहेत. मूल थोडं जाणतं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये एकटं बोलतात. पढवून पाठवलेलं मूल दोन प्रश्नांत ओळखू येतं, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘मानसिक छळ’ हा शब्द आला की पढवणाऱ्याचंच नुकसान होतं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट छापून जोडणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र सोबत लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

पोटगीसाठी रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ओझरच्या एचएएलमध्ये किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी असेल तर पगार लपत नाही. शेतीचं उत्पन्न लपतं. ‘जमीन वडिलांच्या नावावर, मी फक्त मदत करतो’ हे निफाड-दिंडोरीकडचं ठरलेलं म्हणणं. अशा वेळी सातबारा आणि ८-अ सोबत फेरफार काढा, वाटणी कधी झाली ते त्यात दिसतं. लासलगाव किंवा पिंपळगाव बाजार समितीतल्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या, द्राक्ष व्यापाऱ्याच्या पावत्या, पीक कर्जाची मंजुरी, ट्रॅक्टरचं हप्त्याचं खातं यांतून उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो. जे कागद तुमच्या हातात नाहीत ते हजर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. थकली तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून वर्षाच्या आत द्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएसचं कलम १४४, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणजे सीआरपीसीचं १२५). तीन वर्षांची थकबाकी साठवून एकदम मागणाऱ्याचा बराचसा आकडा या वाटेने अडतो.

घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर सही-शिक्क्याच्या किमान तीन नकला काढा. लढवून मिळालेल्या घटस्फोटावर अपील होतं (कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात), ती मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही मुदत ९० दिवस धरली आहे. संमतीच्या हुकुमावर सहसा अपील नसतं. ताब्याचा आदेश मात्र कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

भेटीच्या दिवशी गेटवर मूल खाली आलंच नाही तर वाद घालू नका. वेळेवर पोहोचल्याचा फोटो काढा, मेसेज पाठवा, अर्धा तास थांबा आणि परत या. तीन-चार तारखा अशा जमल्या की त्या तक्त्यात मांडून, मेसेजच्या प्रती जोडून अंमलबजावणीचा अर्ज द्या. त्या अर्जात पहिल्या पानावर आदेशातलं भेटीचं कलम जसंच्या तसं उतरवा, दिवस आणि वेळेसकट.