तुम्ही विचारलंत म्हणून: नवख्या बॉक्सरने थेट चॅम्पियनशी लढावं का?

सराव संपल्यावर हातावरच्या पट्ट्या सोडता सोडता मुलं हे विचारतात. त्यांना न्यायला आलेले वडीलही विचारतात. ऑलिम्पिकपर्यंत पोचलेला बॉक्सर प्रोफेशनल झाला, की आधी त्याला अनोळखी माणसांशी का लढवत बसतात? एवढा तयार गडी दुसऱ्या-तिसऱ्या लढतीतच जगज्जेत्यासमोर का उतरत नाही?

ऑक्टोबर २०२३ पासून हा प्रश्न फारच वाढलाय. एमएमएमधला (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो खेळ) फ्रान्सिस न्गानू तेव्हा रियाधमध्ये आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळला, तीही हेवीवेट जगज्जेत्या टायसन फ्युरीशी. तिसऱ्या फेरीत त्याने फ्युरीला खाली पाडलं आणि दहा फेऱ्यांनंतर पंचांचा कौल विभागला जाऊन तो हरला. ती क्लिप पोरांच्या मोबाइलवर आजही फिरते. पुढच्या मार्चमध्ये अँथनी जोशुआने त्याच न्गानूला दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पाडलं, ती क्लिप मात्र मला अजून कुणी आणून दाखवलेली नाही.

मी खडकीत मुलांना बॉक्सिंग शिकवतो, स्पर्धांना त्यांच्या कॉर्नरमध्ये उभा राहतो. उद्या यातलाच एखादा प्रो होईल आणि त्याच्यासमोर कुणीतरी लढतीच्या कराराचा कागद सरकवेल. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

माझं मत असं आहे: चॅम्पियनला घाबरू नका. मुरलेल्या माणसाला घाबरा, मग त्याच्या नावावर पराभव किती का असेनात.

वासिल लोमाचेन्कोचं उदाहरण घ्या. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२, दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. हौशी बॉक्सिंगमध्ये जवळपास चारशे लढती आणि पराभव फक्त एक, त्याचीही त्याने नंतर परतफेड केलेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि चौथ्या फेरीत जिंकला. लगेच १ मार्च २०१४ ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत दुसरी लढत, थेट जगज्जेतेपदासाठी. समोर मेक्सिकोचा ऑर्लांडो सालिदो. सालिदो पंधराव्या वर्षापासून पैशासाठी लढत होता आणि तोवर बारा लढती हरला होता. नुसता रेकॉर्ड बघणाऱ्याला वाटावं, यात काय अवघड आहे?

लढत सुरू झाली ती वजनकाट्यावर. मर्यादा १२६ पाउंडांची, म्हणजे साधारण ५७ किलोंची. सालिदो सव्वादोन पाउंड जास्त भरला. त्याचा जगज्जेतेपदाचा बेल्ट तिथेच गेला, पण लढत झाली. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे मधल्या वेळात खाऊन-पिऊन शरीर पुन्हा भरता येतं. लढतीच्या रात्री सालिदो १४७ पाउंडांचा होता आणि लोमाचेन्को १३६ चा. अकरा पाउंड म्हणजे पाच किलो. सत्तावन्न किलोच्या गटात पाच किलोंचा फरक काय असतो, हे ज्याने बरगडीत ठोसा खाल्लाय त्याला विचारा.

मग रिंगमध्ये सालिदोने त्याला तंत्राचा खेळ खेळूच दिला नाही. अंगावर चालून जायचं, डोकं छातीला लावायचं, एका हाताने धरून दुसऱ्याने कमरेवर, मांडीवर, बेल्टच्या खाली मारत राहायचं. रेफरीने एकही गुण कापला नाही. लोमाचेन्कोला पहिल्या निम्म्या लढतीत सूरच सापडला नाही. उत्तरार्धात सापडला, बाराव्या फेरीत तर सालिदो पडता पडता वाचला. पण तोवर गुण निघून गेले होते. निर्णय विभागून आला आणि लोमाचेन्को हरला.

कौशल्य कोणाचं मोठं होतं, यावर वाद घालायचं कारण नाही. पण हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, मिठी मारली की रेफरी लगेच सोडवतो, वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं आणि स्वच्छ ठोसा मोजला जातो. वर्ल्ड सीरिज ऑफ बॉक्सिंग या संघांच्या लीगमध्ये लोमाचेन्को पाच फेऱ्यांच्या लढती खेळला होता, पण बारा फेऱ्या अंगावर लोंबकळणारं धूड सहन करायची तालीम त्याला कोणत्याही ऑलिम्पिकने दिली नव्हती.

याची दुसरी बाजू जून २०१४ मध्ये दिसली. लोमाचेन्कोची तिसरी लढत पुन्हा जगज्जेतेपदासाठीच होती. समोर गॅरी रसेल ज्युनियर, तोवर अपराजित, हाताचा वेग असा की डोळा ठरत नाही. कागदावर हा सालिदोपेक्षा कठीण प्रतिस्पर्धी. लोमाचेन्कोने त्याला बारा फेऱ्या खेळवलं आणि किताब घेतला. थायलंडच्या सेनसाक मुआंगसुरिनने १९७५ मध्ये तिसऱ्याच लढतीत जगज्जेता होऊन जो विक्रम केला होता, त्याची बरोबरी झाली. रसेलही हौशी बॉक्सिंगमधूनच वर आलेला, २००८ च्या अमेरिकन ऑलिम्पिक संघातला. म्हणजे दोघांची शाळा एकच, आणि त्या शाळेत लोमाचेन्कोचा नंबर वरचा. सालिदो वेगळ्याच शाळेतून आला होता.

उलटंही घडलंय. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा व्यावसायिक बॉक्सरांना परवानगी मिळाली. आता प्रो येऊन पोरांना चिरडणार, अशी केवढी भीती घातली गेली होती! माजी जगज्जेता हसन एनदाम पहिल्याच लढतीत ब्राझीलच्या हौशी बॉक्सरकडून हरला. माजी जगज्जेता अम्नात रुएनरोएंग दुसऱ्या लढतीत गेला. तीन फेऱ्यांत सगळं आटपायचं असलं, की बारा फेऱ्यांचा संयम कामाला येत नाही.

आपल्याला हे खरं तर नवीन नाही. मुळशी-मावळातल्या जत्रेचा आखाडा आठवा. सुरुवातीला रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या, पोरासोरांच्या. मग इनामाचा आकडा चढत जातो आणि दिवस मावळताना शेवटची मानाची कुस्ती. जोड लावणारी जाणती माणसं नुसतं वजन आणि वय बघत नाहीत. पोरगा कोणत्या तालमीतला, त्याचा हुकमी डाव कोणता, दम किती वेळ टिकतो, मागच्या जत्रेत कोणाशी धरला होता, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. चांगला वस्ताद आपल्या पठ्ठ्याची जोड लागू देण्याआधी समोरच्या पोराच्या वस्तादाचा विचार करतो. बॉक्सिंगमध्ये हे काम मॅचमेकर करतो. फरक एवढाच की मॅचमेकरला पैसे प्रमोटर, म्हणजे लढत भरवणारा, देतो, आणि प्रमोटरला त्या रात्रीची तिकिटं विकायची असतात. तेव्हा नवख्याला मोठी लढत मिळाली, की मी पहिल्यांदा हेच विचारतो: ही जोड कोणाच्या भल्यासाठी लागली?

पीट रॅडमाकर १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा हेवीवेट विजेता. २२ ऑगस्ट १९५७ ला सिएटलमध्ये त्याने व्यावसायिक पदार्पण केलं, थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनसमोर, हेवीवेटच्या किताबासाठी! कल्पना रॅडमाकरचीच. पॅटरसनला अडीच लाख डॉलरची हमी देता यावी म्हणून त्याने पाठीराखेही स्वतःच जमवले. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडलं. मग मात्र स्वतः पुन्हा पुन्हा पडत राहिला आणि सहाव्या फेरीत लढत संपली. पुढच्या वर्षी झोरा फॉलीने त्याला चौथ्या फेरीत बाद केलं. तो शूर होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण प्रो म्हणून शिकायला मिळालेला पहिला धडाच जगज्जेत्याच्या हातचा असेल, तर दुसरा धडा घ्यायला अंगात काय उरतं?

त्या वेळी पॅटरसनचा मॅनेजर होता कस डामाटो. पुढे त्याच्याच हाताखाली माइक टायसन तयार झाला, आणि त्याची चढण बघा. मार्च १९८५ मध्ये पदार्पण, त्या एका वर्षात पंधरा लढती, आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी ट्रेव्हर बर्बिकला हरवून जगज्जेता. ती त्याची अठ्ठाविसावी लढत. कॅलेंडरवर दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. मुलं मला म्हणतात, सर, हळूहळू म्हणजे म्हातारे होऊ. होत नाही बाळांनो, पायऱ्या भरभर चढता येतात.

नाओया इनोए सहाव्या लढतीत, एप्रिल २०१४ मध्ये, जगज्जेता झाला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. हे नाव पोरं माझ्या तोंडावर फेकतात. पण त्याच्या आधीच्या लढती बघा. चौथ्या लढतीत जपानच्या किताबासाठी रिओइची तागुचीशी पूर्ण दहा फेऱ्या. हा तागुची पुढे स्वतः जगज्जेता झाला. पाचव्या लढतीत आशियाई पातळीचा किताब. म्हणजे देश, खंड, जग, अशा तीन पायऱ्या त्याने एकही न गाळता चढल्या. डिसेंबर २०१४ मध्ये आठव्या लढतीत दोन वजनगट वर जाऊन त्याने ओमार नार्वाएझला दोन फेऱ्यांत चार वेळा पाडलं. त्याआधी नार्वाएझ कधीच पडला नव्हता. असा बॉक्सर पिढीत एखादा होतो, हेही खरं. पण त्याच्याही वडिलांनी, तेच त्याचे प्रशिक्षक, त्याला पायरी चुकवू दिली नाही.

लवकर जिंकण्याचं काय, असंही विचारतात. लिऑन स्पिंक्सने फेब्रुवारी १९७८ मध्ये आठव्याच लढतीत मुहम्मद अलीला हरवलं. अली छत्तीस वर्षांचा झाला होता, पण अली तो अली. सात महिन्यांत न्यू ऑर्लिन्सला अलीने किताब परत घेतला. १९७९ मध्ये गेरी कोत्झेने स्पिंक्सला पहिल्याच फेरीत संपवलं, १९८१ मध्ये लॅरी होम्सने तिसऱ्या फेरीत. हेवीवेटचा किताब त्याला पुन्हा कधी मिळाला नाही. शिखरावर पोचल्यावर शिकायला सवड नसते. तिथे जो येतो तो तुम्हाला उतरवायलाच येतो. स्पिंक्सची कारकीर्द आठवली की मला आजही वाईट वाटतं.

मुलींसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. माझ्याकडे मुलीही येतात, म्हणून सांगायला हवं. क्लारेसा शील्ड्सने दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये पदार्पण केलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये चौथ्या लढतीत निकी अॅडलरला हरवून ती जगज्जेती झाली. महिलांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकेका वजनगटात बॉक्सर कमी, त्यामुळे मधल्या पायऱ्याच थोड्या. शिवाय किताबाची लढतही दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांची. हौशी बॉक्सिंगमधून तिथवरचं अंतर पुरुषांइतकं लांब नाही. चांगली तयार मुलगी लवकर वर गेली तर मी अडवणार नाही.

आपल्या विजेंदरने काय केलं? ऑलिम्पिक पदक गाठीशी असूनही ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याने मँचेस्टरला कमी फेऱ्यांच्या लढतींपासून सुरुवात केली. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपशी पूर्ण दहा फेऱ्या खेळून त्याने आशिया-पॅसिफिकचा किताब मिळवला. तेव्हा त्याच्यावर टीका झाली की सोपे प्रतिस्पर्धी निवडतो. मला ती टीका पटली नव्हती. तिशीच्या उंबरठ्यावर प्रो झालेल्या माणसाने आधी फेऱ्यांची सवय करून घेतली, यात भित्रेपणा कुठला?

हां, नारळावरच्याच कुस्त्या आयुष्यभर खेळून रेकॉर्ड फुगवणारेही असतात. वीस विजय, शून्य पराभव, आणि एकविसाव्या लढतीत खरा माणूस समोर आला की पाय लटपटतात. प्रत्येक लढतीने काहीतरी नवीन शिकवलं पाहिजे: एकदा डावखुरा, एकदा उंच, एकदा अंगाशी येऊन लोंबकळणारा, एकदा आठ फेऱ्या संपेपर्यंत न पडणारा. असे धडे झाले असतील तर आठव्या लढतीत चॅम्पियन चालेल. झाले नसतील तर तिसाव्यातही नको.

आणि पुण्यातल्या पालकांना एक वेगळं सांगायचंय. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आपल्या शहरातच आहे. हौशी बॉक्सिंगमधल्या पदकावर सैन्यात, रेल्वेत, पोलिसांत नोकरी लागते, घर उभं राहतं. प्रो बॉक्सिंगमध्ये लढलात तरच पैसे, आणि डोक्याला बसलेला मार वय झाल्यावर हिशेब मागतो. तेव्हा मुलाला कुणी मोठ्या नावाशी लढत देऊ केली, तर सही करण्याआधी कागद घेऊन माझ्याकडे या. लढत किती फेऱ्यांची, वजन कधी होणार, तयारीला किती आठवडे, समोरच्याने वजन चुकवलं तर माघार घेता येईल का, डॉक्टरचा खर्च कोणाचा, आणि बोलावणं आधी दुसऱ्या कुणाला जाऊन नाकारलं गेलंय का, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. मग समोरच्याच्या जुन्या लढती आपण एकत्र बसून बघू. तो जिंकलाय त्या नंतर, आधी हरलाय त्या.