सात फर्मे

दुसऱ्याच्या दुकानात आपलंच अक्षर भेटलं की क्षणभर चोरी पकडल्यासारखं होतं. परवा दुपारी तेच झालं. फिरतीवर होतो. एका व्यवसायबंधूच्या दुकानात शिडीवर चढून वरचा कप्पा चाळत होतो (खालचे कप्पे गिऱ्हाइकांचे, वरचा आमचा) आणि एका जाडजूड प्रवासवर्णनाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, कोपऱ्यात, फिकट पेन्सिलीनं लिहिलेली तीन अक्षरं दिसली. माझी.

जुन्या पुस्तकांच्या धंद्यात खरेदीची किंमत अशीही लिहितात. दहा वेगवेगळी अक्षरं असलेला एक शब्द ठरवायचा, एकेका आकड्याला एकेक अक्षर. गिऱ्हाइकाला वाटतं, असतील कुणाची तरी आद्याक्षरं. हा शब्द बायकोलाही सांगायचा नसतो. खाली गल्ल्यावर बसलेल्या मित्राचा शब्द मी केव्हाच सोडवलाय. तेव्हापासून त्याच्याशी घासाघीस करताना थोडी लाज वाटते. थोडीच.

आम्ही एकमेकांकडे जातो ते पुस्तकं घ्यायला, असं घरी सांगतो. निम्मा वेळ कुचाळक्यांत जातो. कुणी दुकान बंद केलं, कुणाच्या गोदामाला वाळवी लागली, कुणाला रद्दीत कसली पहिली आवृत्ती सापडली. हा शेवटचा किस्सा दर फेरीला थोडा वाढलेला असतो. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावातल्या रिचर्ड बूथनं तर १९७७ च्या १ एप्रिलला स्वतःला तिथला राजाच जाहीर केलं होतं. जुन्या पुस्तकांचा दुकानदारच तो. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही.

पुस्तकात आहे काय, हे मात्र आम्ही कधी विचारत नाही. पानं मोजतो, शिवण बघतो, कागद उजेडाला धरतो. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन ग्रंथविक्रेत्यांनी टॉमस वाइझ या बड्या संग्राहकाच्या हातून बाजारात आलेल्या पुस्तिका बनावट ठरवल्या, त्या बऱ्याचशा कागदावरूनच. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची पुस्तिका १८४७ ची म्हणून मिरवत होती. तिच्या कागदात निघाला रसायनांत शिजवलेला लाकडाचा लगदा, जो इंग्लंडात १८७४ च्या आधी कागदासाठी वापरतच नव्हते. कविता कशा आहेत, हा प्रश्नच आला नाही.

माझी पानं मोजायची खोड त्याहून साध्या कारणाची. आठ-नऊ वर्षांचा असताना एक रहस्यकथा हाती लागली. सगळे दिवाणखान्यात जमले, गुप्तहेरानं घसा खाकरला, ‘आणि खुनी आहे’ इथे पान संपलं. पुढचं पान फाटलेलं. चार दिवस मी घरातल्या प्रत्येकाच्या मागे लागलो होतो. शेवटी आईनं वैतागून सांगून टाकलं, “माळी.” गोष्टीत माळी नव्हताच. तेव्हापासून मी कुठलंही पुस्तक मागून उघडतो.

म्हणून तर ती अक्षरं दिसली. मग शिडीवरच बसून पुस्तक उलगडलं. मी विकलं तेव्हा ते न कापलेलं होतं. सोळा पानं एकाच मोठ्या कागदावर छापून त्याची घडी घालतात, तो फर्मा; त्या घड्या जशाच्या तशा, कडेला सुरी न लागलेल्या. अशा प्रतीला भाव चढा मिळतो. घेणारे गृहस्थ तीनदा येऊन, हाताळून, जागेवर ठेवून गेले होते. चौथ्यांदा घेतलं तेव्हा म्हणाले, “निवृत्त झालो की सावकाश वाचीन.”

आता सात फर्मे कापलेले होते. कुठे चिरफळी नाही, कागदाचा तूस नाही. माणसानं प्रत्येक घडीत सुरी घालून जरा थांबून मगच ओढली असावी. पान ११२ पर्यंत. ११३ पासून पुढे घड्या बंद.

“हे कुठून आलं रे?” मी वरूनच विचारलं.

“एका घरातनं. पेट्याच्या पेट्या होत्या. का?”

“काही नाही. अर्धवट कापलंय, कमी कर.”

त्यानं कमी केलं.

पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे, शेजारी कागद कापायची सुरी. धंद्याच्या हिशेबानं आहे तसंच राहू द्यावं. पण पहिल्या बंद घडीच्या बाहेरच्या पानावर, ११३ वर, मंडळी होडीत बसली आहेत, नदीला पाणी चढलंय आणि वाक्य पुरं झालेलं नाही.