माशी शिंकली ती इथे

बंदुकीच्या नळीच्या टोकाला जो बारीकसा उभा कण असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या पट्टीतल्या खाचेतून ती पाहायची, सावजावर टेकवायची आणि चाप ओढायचा. सगळं शास्त्र एवढंच. माझी पंचाईत अशी की बावन्नाव्या वर्षी, आजोबांची रायफल एकदाची माझ्या नावावर झाली तेव्हा, मला माशीच दिसेना. दूरच्या चष्म्यातून शेताचा बांध स्वच्छ, माशी धूसर. वाचायच्या चष्म्यातून माशी बरी, पण बांधच गायब.

रायफल .315 ची, म्हणजे नळीचं भोक तेवढे इंच रुंद, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. हा आकडा मोठा गमतीचा आहे. लष्कराची बंदूक .303 ची. ते काडतूस साध्या माणसाच्या हाती नको, म्हणून जवळपास तीच बंदूक किंचित रुंद नळीची करून नागरिकांना दिली. म्हणजे छावणीतून गोळ्या कुणी लांबवल्या तरी आमच्या आजोबांच्या कामाच्या नाहीत! सरकारचा प्रजेवरचा विश्वास असा मिलिमीटरच्या अंशात मोजून मिळतो.

1972 चा वन्यजीव कायदा आला आणि आजोबांची शिकार संपली. त्यानंतर रायफल उरली ती पीक राखायला, तीही बहुतेक खुंटीवर. दसऱ्याला खाली यायची, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घेऊन परत वर जायची. पण गावात आख्यायिका पक्की होती : बाबूजींची गोळी वाया गेली नाही. आजही आमच्या तुरीच्या वावरापाशी कुणी म्हातारा भेटला की पहिल्या चहाला हेच ऐकवतो.

आजोबा गेले, रायफल ठाण्यात जमा झाली. वारसाचा परवाना, तपासणी, भावंडांचं नाहरकत, पुन्हा तपासणी. त्यात काही वर्षं गेली. मालखान्यात तिच्या शेजारी जप्तीच्या सायकली, दारूचे कॅन आणि एक हार्मोनियम होतं. पावसाळे त्या खोलीनं आमच्यापेक्षा जास्त पाहिलेले. रायफल हातात आली तेव्हा नळीवर तांबडा गंज चढला होता आणि दस्त्यावर कुणीतरी मुद्देमालाचा क्रमांक पांढऱ्या रंगानं ठळक लिहिला होता. चांगल्या अक्षरात, हे मान्य करायला हवं.

बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. त्यामुळे लोखंडाचं सारं काम नागपूरच्या एका मिस्त्रीकडे दिलं. माझ्या वाट्याला लाकूड आलं. मिस्त्रीनं दस्ता उतरवून दिला आणि म्हणाला, "बसा घासत. घाई नाई कराची." घासकागदानं मुद्देमाल निघाला, त्याखालचा काळा थर निघाला, आणि एका रविवारी दुपारी आतल्या रेषा दिसल्या. आजोबांचा गाल जिथे टेकत असेल तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा गुळगुळीत होतं. तेवढी जागा मी घासली नाही.

लाकडाला जवसाचं तेल. जवस आमच्याकडे चटणीत असतं. ते बंदुकीलाही चालतं हे आईला पटायला वेळ लागला. हे तेल वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू पिऊन घट्ट होतं. बोटानं एक हात चोळायचा, दिवसभर थांबायचं, दुसरा हात. पिताना ते तापतं, हे मला पुस्तकातून नाही, चिंध्यांमधून कळलं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून मी गच्चीवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकला होता. मे महिना, नागपूर. संध्याकाळी आई वाळवण काढायला गेली तर खोकं धुमसत होतं. काडी नाही, ठिणगी नाही. तिनं बादलीभर पाणी ओतलं आणि खाली येऊन एवढंच म्हणाली, "बंदुकीनं आजवर घर नव्हतं जाळलं. तू चिंधीनं जाळशील." तेव्हापासून चिंध्या दोरीवर एकेक सुट्या वाळत पडू लागल्या. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्याकडे नवं बाळ आलं.

मिस्त्रीकडे नळीचं काम चाललं होतं. तांबडा गंज काढून तो तिच्यावर काळा गंज चढवत होता. बंदुकीला जो निळसर काळा रंग असतो तो मुळी रंग नसतोच. तोही लोखंडाचा गंजच, पण शहाणा. कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात, पाणी उकळतं त्याहून बऱ्याच जास्त उष्णतेला, लोखंडावर तो पातळ थर धरतो आणि मग तेल धरून ठेवतो. तांबडा गंज लोखंड खातो, काळा राखतो. एकाच घरात वाढलेले दोन भाऊ असे असतात, पण ते जाऊ दे.

मग माशीचा विषय निघाला. मी वाचून गेलो होतो. म्हटलं, मागे खाचेऐवजी बारीक भोक बसवा. भोकातून पाहिलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही बरंच स्पष्ट दिसतं. लहानपणी मुठीच्या फटीतून चंद्र पाहायचो, तसंच. मिस्त्रीनं नकार दिला. त्यासाठी बंदुकीच्या अंगाला दोन छिद्रं पाडावी लागतील, आणि पाडलेलं छिद्र भरता येत नाही. "भोक बंदुकीले कायले पाडता? चष्म्याले पाडा नं." त्यानं काळ्या चिकटपट्टीचा तुकडा घेतला, सुईनं भोक पाडलं, आणि माझ्या दूरच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटवला. मी दुकानाच्या दारातून समोर पाहिलं. नळीच्या टोकाची माशी आणि रस्त्यापलीकडच्या दवाखान्याची पाटी, दोन्ही वाचता येतील इतकी नीट. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी तेवढ्यात तीनदा फी देऊन आलो होतो.

तरी माशी नवी हवीच होती, थोडी जाड, मला दिसेल अशी. जुनी काढायला मिस्त्रीनं नळी शिकंजात धरली आणि पितळी पंच लावून बाजूनं टोले मारले. पितळी यासाठी, की पोलादाला चरा पडू नये. जुनी माशी सुटली. तिच्या पाठीवर पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. नखानं खरवडलं तर चुना. अंधार पडल्यावर माशी दिसावी म्हणून आजोबा पानाच्या डब्यातला चुना बोटानं लावत असणार. त्याच बोटानं पुढे पान.

मिस्त्री मात्र चुन्याकडे पाहत नव्हता. तो नळीवरची, माशी बसते ती खाच पाहत होता. "ही मधात नव्हती," तो म्हणाला. माशी मध्यापासून डावीकडे सरकवलेली होती, अर्धा मिलिमीटर असेल, आणि तिथे नळीवर सुईनं ओढल्यासारखी एक रेघ होती. शिवाय माशीचं डोकं कानशीनं घासून ठेंगणं केलेलं.

हा हिशेब उलटा चालतो. मागची पट्टी जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, पुढची माशी जिकडे सरकवाल त्याच्या उलट. माशी डावीकडे, म्हणजे गोळी उजवीकडे. माशी बुटकी, म्हणजे गोळी वर. माशी आणि मागच्या पट्टीतली खाच यांत अर्धा मीटर अंतर धरलं, तर माशी अर्धा मिलिमीटर हलली की 50 मीटरवर गोळी 5 सेंटिमीटर सरकते. मग आजोबांना गोळी उजवीकडे आणि वर कशाला न्यायची होती? मिस्त्रीनं हवेतच चाप ओढून दाखवला. हिसका दिला की उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली आणि डावीकडे जाते. बाबूजी हिसका देत होते. हात सुधारायच्या ऐवजी त्यांनी बंदूक बिघडवून घेतली होती, हातापुरती अचूक.

मला हसू आलं, आणि थोडं बरंही वाटलं. गावभर ज्याच्या नेमाची कहाणी, त्यानं एका दुपारी कानस घेऊन गुपचूप हे केलं असणार.

नवी माशी मिस्त्रीनं नळीवरच्या खाचेच्या मध्यावर बसवली. परवानगी काढून रेंजवर गेलो. काडतुसं मोजून पाचच, ती महाग असतात आणि प्रत्येकाचा हिशेब लागतो. चिकटपट्टीचा चष्मा लावला, श्वास सोडला. पहिली गोळी कुठे गेली ते कळलंच नाही, खांद्याला मात्र कळलं. उरलेल्या चार एका तळहातात मावतील अशा लागल्या. कागदाच्या मध्यापासून खाली, आणि डावीकडे.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी रक्तातलं वगैरे उमटलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "बापाजाद्याचं काई नाई साहेब. दहातले सात जण असेच हिसकतात."

दुकानात परत आल्यावर त्यानं पंच लावून दोन हलके टोले दिले, डावीकडे. कानशीचे चार हात माशीच्या डोक्यावर. नवी रेघ ओढली. ती आजोबांच्या रेघेच्या किंचित अलीकडे आली. माझा हिसका कमी आहे असं मी घरी सांगितलं. चष्म्यामुळे असेल, असं आई म्हणाली.

जुनी माशी मी आजोबांच्या पानाच्या डब्यात, चुन्याच्या कप्प्यात ठेवली आहे. नवी कशी लागते ते अजून पाहिलेलं नाही. निवडणूक लागली आणि हत्यारं जमा करायची नोटीस आली. परवा ठाण्यात गेलो. हवालदारानं रायफल उलटीपालटी करून पाहिली, पॉलिशवरून बोट फिरवलं, "बढिया चमकवली," म्हणाला, आणि मग खिशातून पांढऱ्या रंगाचं पेन काढलं. दस्त्यावर नको, दोरीला चिठ्ठी बांधा म्हणून मी अर्धा तास विनवण्या केल्या. चिठ्ठी बांधली आहे. हार्मोनियम अजून तिथंच आहे.