फितीची लांबी

पुण्यातल्या ज्या लिलाववाल्यांकडे मी याद्या लिहितो, तिथे सुदानची नाणी वर्षातून एकदाही येत नाहीत. त्या दिवशी मात्र टेबलावर बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते, काठोकाठ भरलेले. आणणाऱ्या बेन सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या सासऱ्यांचं सुदानमधल्या ओमदुर्मान शहराच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. "घर आवरताना निघाले, बघा काही होतंय का," म्हणाल्या आणि पंख्याखाली खुर्ची ओढून बसल्या.

पहिला डबा सोपा होता. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर निघालेली उंटस्वाराची नाणी. हा उंटस्वार मूळचा १८९८ च्या टपाल तिकिटावरचा डाकवाला. काशाचे मिलीम, तांबे-निकेलचे किर्श (दहा मिलीमांचा एक किर्श), सगळं पटापट लागलं.

दुसऱ्या डब्यात पक्षी होता. मे १९६९ मध्ये निमेरी या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली, पुढे राजचिन्ह बदललं आणि उंटाच्या जागी पंख पसरलेला सेक्रेटरी बर्ड हा आफ्रिकेतला शिकारी पक्षी आला. पक्ष्याखाली एक फीत आहे. कॅटलॉगच्या म्हणण्याप्रमाणे काही नाण्यांवर या फितीचे तिन्ही भाग सारखे, तर काहींवर मधला भाग लांब. शिवाय कुठे 'अक्षरं मोठी', कुठे 'अक्षरं बारीक'. मोठी म्हणजे केवढी, ते सांगायचं राहून गेलेलं. चित्र एकच, आणि ते नेमकं कुठल्या प्रकाराचं तेही लिहिलेलं नाही.

दहा किर्शांची बासष्ट नाणी घेऊन भिंगाखाली बसलो. फीत खरी निघाली. पट्टी लावायचीही गरज नव्हती, दोन ढीग आपोआप पडले. अक्षरांचा मात्र पत्ता लागेना. नाणं जितकं घासलेलं तितकी अक्षरं पसरट दिसतात, आणि ठसा झिजत आला की कोरं नाणंसुद्धा जाड अक्षरांचं निघतं. मी तीनदा ढीग लावले, तिन्ही वेळा आकडे वेगळे आले. बाजारात चाळीस हात फिरलेल्या नाण्याला 'मोठ्या अक्षरांचा प्रकार' म्हणायचं, तर मग माझी जुनी चप्पलही वेगळ्या प्रकारची म्हणायला हवी.

आणि दुपारी दोनच्या सुमाराला ते नाणं हाती आलं. लांब फीत, अरबी आकड्यांत साल १९७०. कॅटलॉगात त्या सालासमोर ही फीत नव्हती. मी नाण्यावरचं हिजरी साल ताडून पाहिलं. तिथे १३९०. गणित केलं, जुळलं. दोन्ही पंचांगांची साक्ष मिळाल्यावर आणखी काय हवं? मालकांना दाखवलं. त्यांनी लगेच यादीत 'दुर्मिळ, कॅटलॉगात नोंद नाही' असं लिहायला सांगितलं आणि किंमतही मनात धरली असावी, कारण चहा दोनदा आला.

बेननी नाणं हातात घेतलं, चष्मा वर केला. "शून्य कुठाय?"

मी बोट ठेवलं.

"हा तर पाच. शून्य म्हणजे टिंब. लग्न होऊन तिथे गेले तेव्हा सासूबाईंनी पहिलं हेच शिकवलं, नाहीतर भाजीवाला पाचाचे पन्नास करेल."

टिंब म्हणजे शून्य, हे मला निजामाच्या नाण्यांवरून पाठ होतं हो. पण आपल्याकडच्या मुघल-निजामी नाण्यांवरचा पाच बदामासारखा असतो. हा अरबी पाच मात्र स्वच्छ गोल, आणि मराठी डोळ्याला गोल म्हणजे शून्यच. खरी गंमत पुढे आहे. नाणं होतं १३९५ / १९७५ चं. दोन्हीकडच्या शेवटच्या पाचाचं मी शून्य केलं, तर १३९० / १९७० झालं, आणि तेही जुळतं! पडताळणीसाठी ठेवलेला दुसरा साक्षीदारही माझ्याच चुकीच्या बाजूने बोलला.

त्या क्षणी मला कॅटलॉगातल्या इतर ओळींची शंका यायला लागली. अशी नोंद होते तरी कशी? कुणीतरी कुठेतरी माझ्यासारखा भिंग घेऊन बसतो, संपादकाला पत्र लिहितो, ओळ छापली जाते. पुढच्या आवृत्तीत ती ओळ काढायची, तर असं नाणं कुठेच नाही हे दाखवावं लागतं. ते कोण दाखवणार? मी पत्र लिहिलं असतं तर माझीही ओळ आज तिथे असती.

डब्याच्या तळाशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुदानवर राज्य करणाऱ्या खलिफा अब्दुल्लाहीच्या काळातली, ओमदुर्मानच्याच टांकसाळीतली काही नाणी निघाली. चांदी कमी होत होत शेवटी जवळजवळ तांबंच उरलेली. त्यांचे ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे दोन नाणी सारखी दिसली तर नवल. तिथे 'प्रकार' मोजण्यात काही अर्थच नव्हता. मला त्यांच्यासोबत बरं वाटलं.

"मग लिहायचं काय?" मालकांनी विचारलं. मी लिहिलं: दहा किर्श, १९७५, फितीचा मधला भाग लांब. अक्षरांबद्दल काही नाही. मालकांचा चेहरा पडला, पण खोडलं नाही. आमच्या कॅटलॉगात 'मोठी अक्षरं' या शब्दांपुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह मात्र मी टाकून ठेवलं.

बेननी जाताना उंटाची चार नाणी परत मागून घेतली.