बूट सावकाश बांधणारा मुलगा

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहून द्या असा वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला, आणि मला सगळ्यात आधी आठवला तो एक मुलगा, जो आपल्या शाळेत कधी नव्हताच. तो इंग्रजीच्या बाईंनी आठवीत फळ्यावर लिहिलेल्या एका वाक्यातला मुलगा.

तोपर्यंत मी शब्दार्थ पाठ करायचे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मधे बरोबरचं चिन्ह. दोनशे शब्द तोंडपाठ असायचे पण कोणी इंग्रजीत साधं काही विचारलं की त्यातला एकही जागेवर यायचा नाही. बाईंनी पहिल्याच तासाला लिहिलं, 'ही वॉज रिलक्टंट टू गो, सो ही टाइड हिज शूज व्हेरी स्लोली.' रिलक्टंटखाली रेघ मारली आणि खडू ठेवून दिला. अर्थ सांगितला नाही, डिक्शनऱ्या बंद करायला लावल्या. म्हणाल्या, तो बूट एवढे सावकाश का बांधतोय ते सांगा. कोणी म्हणालं आजारी असेल, कोणी म्हणालं लेस तुटली असेल, बाई प्रत्येक उत्तर त्या वाक्यात घालून बघायच्या आणि मधल्या 'सो'वर बोट ठेवायच्या, की या शब्दाच्या अलीकडे कारण आहे आणि पलीकडे परिणाम, आता जुळतंय का बघा. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, 'बाई, त्याचा पाय निघत नाहीये!' बाई इतक्या खूश झाल्या! डिक्शनरीत 'नाखूष', 'अनिच्छुक' असं काहीतरी असेल, पण पाय न निघणं म्हणजे रिलक्टंट हे मी आजही विसरलेले नाही, विसरूच शकत नाही.

बाईंचा एक नियम होता, वाक्यात अनोळखी शब्द एकच, बाकी सगळे ओळखीचे. तेव्हा वाटायचं आमच्या सोयीसाठी करतात. खूप नंतर वाचलं की पॉल नेशन नावाच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने 2000 साली हेच तपासलं होतं, गोष्टीचा मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. त्याहून बरेच जास्त असले की आजूबाजूचे शब्द फारसं काही सांगू शकत नाहीत, मग अंदाज कशावरून करणार?

पण मला सगळ्यात जास्त आवडलेला तास 'गेट'चा. आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, गेट म्हणजे मिळणे. बाई काही बोलल्या नाहीत, फळ्यावर मराठीत लिहिलं 'लागणे' आणि म्हणाल्या, याचा अर्थ सांगा. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, घर लागतं, नाद लागतो, जीव लागतो... फळा भरला, आणि एकालाही 'लागणे'चा एक अर्थ सांगता येईना. मग त्या म्हणाल्या, हे तुम्ही पाठ केलं होतं का कधी? तुम्ही भुकेबरोबर ऐकलं, झोपेबरोबर ऐकलं, म्हणून आलं. तसंच गेटचं. गेट अप, गेट लॉस्ट, गेट वेट, गेट होम, गेट वेल सून, एकेक जोडी तिच्या प्रसंगासकट घ्यायची. मला वाटतं त्या दिवशी माझी इंग्रजीची भीती गेली, कारण एवढी अवघड मराठी आपल्याला कळायच्या आत आली तर ही पण येईल असं खरंच वाटलं.

शब्दांच्या अशा ठरलेल्या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात हे कॉलेजात कळलं. इंग्रजीत चूक 'मेक' करतात पण होमवर्क 'डू' करतात, पाऊस 'हेवी' असतो पण वारा 'स्ट्राँग', आणि याला का असं विचारून उपयोग नसतो, आपल्याकडे पाऊस पडतो आणि वारा सुटतो तसंच ते. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 साली लिहून ठेवलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. वाचताना मला बाईंचाच आवाज ऐकू आला.

बाईंनी वही करायला लावली होती, एका शब्दाला तीन ओळी. पहिलीत ऐकलेलं किंवा वाचलेलं अख्खं वाक्य, दुसरीत ते कोण कोणाला आणि कधी म्हणालं, तिसरीत स्वतःच्या आयुष्यातलं स्वतःचं वाक्य. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पान परत उघडायचं, कारण विसरायला आपण लगेच सुरुवात करतो (एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हे 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं). दुसरी ओळ आम्ही बरेचजण टाळायचो. पण तीच सगळ्यात कामाची निघाली. 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' याला आपण 'चालेल का' समजून पटकन 'यस' म्हणतो, आणि त्याचा अर्थ होतो माझी हरकत आहे. खिडकी उघडू द्यायची तर 'नो, नॉट ॲट ऑल.' नोकरीच्या पहिल्याच महिन्यात फोनवर पलीकडून आलं, 'आय ॲम अफ्रेड वी कान्ट डू इट बाय फ्रायडे.' शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, ते घाबरलेत कशाला? मी म्हटलं घाबरले नाहीत, नम्रपणे नाही म्हणतायत, शुक्रवारचं आता आपल्यालाच बघावं लागेल. हे माझ्या आठवीच्या वहीत होतं, दुसऱ्या ओळीसकट.

ती वही संपली, नंतरच्या पण संपल्या, आता सातवी चालू आहे. शेवटची नोंद मागच्याच आठवड्यातली. 'आय स्टँड करेक्टेड', म्हणजे माझं चुकलं, तुझं बरोबर. मीटिंगमध्ये वयाने सगळ्यात मोठे असलेले साहेब सगळ्यात नव्या मुलीला म्हणाले, तिने त्यांचा आकडा चुकलाय हे दाखवल्यावर. तिसरी ओळ अजून मोकळी आहे, माझं वाक्य मिळालं की लिहीन.